गिअरबॉक्सचे गळके सील आणि घरची दुरुस्ती

आपल्या समाजातील कुटुंबे या देशात स्थिरावत गेली, तसतशी मोटार ही चैनीची वस्तू उरली नाही. बीरशेवा, दिमोना, अशदोद, लोद, रामले अशा गावांतून राहणाऱ्या आपल्या मंडळींस कामावर, दवाखान्यात, आप्तांच्या लग्नास अथवा मलिद्यास जावयाचे तर बहुधा घरच्या मोटारीवाचून गत्यंतर नसते. मोटार मात्र नेहमीच नवी असते असे नाही. दहा-बारा वर्षे झालेली, एका हातून दुसऱ्या हाती आलेली मोटार हीच आपल्या घरांतून अधिक दिसते. आणि अशा मोटारीच्या ठरलेल्या जागेवर एके दिवशी हाताच्या पंजाएवढा तेलकट डाग आढळतो. पुढे तो डाग ताटाएवढा होतो आणि मग इमारतीच्या समितीकडून चिठ्ठी येते. या समितीस येथे वाअद म्हणतात. आपल्या मराठीतील वादाशी तिचा संबंध व्युत्पत्तीने नसला तरी स्वभावाने आहे.

गतवर्षी शाळेच्या मोठ्या सुटीत आमच्या मोटारीवर हा प्रसंग आला. गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणारा जो दांडा, ज्याला ड्राइव्ह शाफ्ट म्हणतात, त्याच्या मुळाशी असलेले सील गळत होते. मुसाखात चौकशी केली तेव्हा कळले की सीलची किंमत दोन-तीन किलो फळांएवढी, परंतु मजुरी त्याच्या कित्येक पटींनी अधिक. यात मुसाखवाल्यांचा दोष नाही. सील बदलण्यास पाच मिनिटे लागतात, सीलपर्यंत पोहोचण्यास अडीच तास लागतात, आणि पैसे त्या अडीच तासांचे असतात. आमचा भाचा यंत्रशाळेत काम करतो. त्याला सोबतीस घेऊन आम्ही हे काम घरीच केले. त्यातील जे सांगण्याजोगे वाटले, ते येथे देत आहोत.

प्रथम हे सील म्हणजे काय ते पाहू. पुढील चाकांना गती देणाऱ्या मोटारीत गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंना एकेक भोक असते, त्यातून एकेक शाफ्ट बाहेर येऊन चाकाला जाऊन मिळतो. आत तेल आहे. शाफ्ट फिरला पाहिजे, पण तेल बाहेर येता कामा नये. हे परस्परविरोधी काम एक रबरी कडे करते. कड्याच्या बाहेरच्या अंगास पोलादी कणा असतो, तो गिअरबॉक्सच्या भोकात घट्ट बसतो. आतल्या अंगास रबराचा पातळ ओठ असतो, तो शाफ्टला अलगद टेकतो; आणि ओठाच्या पाठीमागे, तेलाच्या बाजूस, बारीक गुंडाळीची एक गोल स्प्रिंग त्याला शाफ्टवर दाबून धरते. चाकाचा परीघ सुमारे १.९ मीटर धरला, तर ताशी ९० किलोमीटर वेगाने हा शाफ्ट मिनिटाला सुमारे ७९० फेरे घेतो, आणि एक लक्ष किलोमीटर होईतो सव्वापाच कोटींहून अधिक. एवढे फेरे एका ओठावरून जातात! सुटीतही गणित सोडवत बसण्याची आम्हां शिक्षकांची खोड वाचकांनी क्षम्य मानावी. पण हा हिशेब केल्यावर सील का गळले यापेक्षा इतकी वर्षे का गळले नाही, हाच प्रश्न अधिक योग्य वाटतो.

दुकानात मात्र सील मागून कोणाला कळत नाही. तेथे ‘सिमरिंग’ म्हणावे लागते. हा शब्द जर्मनीहून आलेला असून वाल्टर सिमर या अभियंत्याच्या नावावरून पडलेला आहे. ड्राइव्ह शाफ्टला येथे ‘त्सिरिया’ म्हणतात, हा अस्सल हिब्रू शब्द. परंतु गिअरबॉक्स मात्र ‘गीर’, हँडब्रेक म्हणजे ‘अँब्रेक्स’ आणि चाकातील हवा गेली की ‘पंचर’. हा शेवटचा शब्द प्रथम कानी पडतो तेव्हा आपल्या माणसास मुंबईच्या रस्त्यावरील सायकलवाल्याची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. इंग्रज मुंबईहून १९४७ मध्ये हलले आणि येथून १९४८ मध्ये. पण गॅरेजमधील आपले शब्द त्यांनी दोन्हीकडे सोडले. नवीन आलेल्या आपल्या लोकांनी मुसाखात जाण्यास बिचकू नये, निम्मी भाषा त्यांना आधीच येत असते.

आता मुख्य गोष्ट. मोटारीखाली तेल दिसले म्हणजे सील गेले, असे मुळीच नव्हे. मोटारीतून पाच-सहा प्रकारचे द्रव गळू शकतात, आणि चुकीचे निदान करून केलेली दुरुस्ती ही न केलेल्या दुरुस्तीपेक्षा महाग पडते. येथे आपल्या पूर्वजांचे स्मरण अस्थानी होणार नाही. अलिबाग, नवगाव, पेण या पट्ट्यात आपले लोक घाण्यावर तेल काढीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली हे नाव पडले. खोबरेल, तिळेल आणि करडईचे तेल ते डोळे मिटून वासाने आणि बोटाच्या चिमटीने ओळखीत असले पाहिजेत. तीच पद्धत येथे लागू आहे. पांढऱ्या कागदावर थेंब घ्यावा. इंजिनचे तेल वापराने काळपट झालेले असते आणि त्याला जळकट वास येतो. गिअरचे तेल अधिक दाट, मधासारख्या रंगाचे वा तपकिरी असते, आणि त्यातील गंधकयुक्त पदार्थांमुळे त्याला असा उग्र दर्प येतो की एकदा हुंगलेला मनुष्य तो विसरत नाही. हिरवा, गुलाबी किंवा निळा आणि किंचित गोडसर वासाचा द्रव असेल तर ते रेडिएटरचे पाणी होय. पातळ, जवळजवळ बिनरंगी वा पिवळसर आणि चाकाच्या आतल्या अंगास आलेला द्रव ब्रेकचा असू शकतो. तसे असेल तर मोटार जागची हलवू नये, मुसाखवाल्यास बोलवावे.

आणखी एक फसवणारी वस्तू म्हणजे शाफ्टच्या सांध्यावरील रबरी बूट. तो फाटला की आतले काळे ग्रीस फिरत्या शाफ्टवरून भिरकावले जाऊन आजूबाजूस पट्ट्यासारखे चिकटते. ते ग्रीस आहे, तेल नव्हे. त्याचे औषध बूट बदलणे हे आहे, सील नव्हे. तसेच इंजिन व गिअरबॉक्स जेथे जोडलेले असतात त्या सांध्याच्या तळातून थेंब पडत असेल, तर ते आतल्या एखाद्या सीलमधून येत असते, आणि ते काम घरी करण्याचे नव्हे. म्हणून आधी सगळा भाग रॉकेलने किंवा ब्रेक धुण्याच्या फवाऱ्याने स्वच्छ धुऊन कोरडा करावा, मोटार वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणावी आणि रात्री खाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी पुठ्ठ्यावरील डाग आणि वरचा ओला भाग यांची गाठ घालून पाहावी. शाफ्ट जेथे गिअरबॉक्समध्ये शिरतो तेथेच सभोवार ओल असेल आणि वरचा भाग कोरडा असेल, तर निदान पक्के समजावे.

निदान पक्के झाले तरी कारण शोधावयाचे राहतेच. उन्हाने, उष्णतेने आणि वयाने रबर कडक होते, त्याचा ओठ लवचीक राहत नाही. हे सर्वांत सामान्य कारण. परंतु गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक बारीकशी श्वासनळी असते. तेल तापले की आतली हवा फुगते आणि या नळीतून बाहेर जाते. नेगेवच्या धुळीने आणि जुन्या तेलाच्या चिखलाने ही नळी बुजली, तर फुगलेली हवा दुसरी वाट शोधते, आणि ती वाट म्हणजे सीलचा ओठ. अशा मोटारीत नवे सील बसवले तरी तेही काही महिन्यांत गळू लागते. मग लोक म्हणतात, सील बनावट निघाले. नळी साफ करण्यास पाच मिनिटे लागतात. आमच्या मते ती आधी साफ करून आठवडाभर वाट पाहावी. कधी कधी तेवढ्यानेच काम भागते.

गळती सोसून चालवत राहिल्यास काय होते, असे काही जण विचारतात. लहान मोटारीच्या गिअरबॉक्समध्ये साधारणतः दोन लिटर तेल असते. रोज एक चमचा, म्हणजे पाच घन सेंटिमीटर गळले, तर शंभर दिवसांत अर्धा लिटर, म्हणजे चौथा हिस्सा गेला. इंजिनला तेल कमी झाल्याचे सांगणारा दिवा असतो, हाती बदलावयाच्या गिअरबॉक्सला सहसा असा दिवा नसतो. ते गप्प राहते, आणि बोलते तेव्हा बेअरिंगच्या घरघरीने बोलते. तोवर गिअरबॉक्सचा खर्च मोटारीच्या किमतीच्या घरात गेलेला असतो. त्यातून गळते तेल वाऱ्याने ब्रेकच्या चकतीवर उडण्याचाही धोका आहेच. शिवाय वार्षिक टेस्टच्या वेळी मोटार खड्ड्यावर घेऊन खालून पाहतात, तेथे ओले गिअरबॉक्स लपत नाही.

कोणी हे काम करू नये, तेही सांगितले पाहिजे. ज्याच्या मोटारीचे गिअर आपोआप बदलतात त्याने शक्यतो करू नये, कारण त्या तेलाची पातळी ठरावीक तापमानाला मोजावी लागते. विजेच्या व मिश्र मोटारींत उच्च दाबाच्या तारा असतात, त्यांच्याखाली घरच्या माणसाने हात घालू नयेत. आणि ज्याच्यापाशी सोबतीस दुसरा माणूस नाही, त्याने तर मुळीच नाही.

वेळेची निवड हा या देशात निराळाच विषय आहे. शुक्रवारी सकाळी सुटी असते म्हणून काम काढावे असा मोह होतो. काढू नये. एक नट गंजून अडकला, एक सील चुकीच्या मापाचे निघाले, की दुकाने दुपारी बंद, संध्याकाळी शब्बाथ, आणि मोटार रविवारपर्यंत तीन चाकांवर उभी. सणांच्या आदल्या दिवसाचीही तीच गत. आठवड्याच्या मधला एखादा मोकळा दिवस घ्यावा आणि उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला सुरुवात करावी. दहा वाजेपर्यंत काम आटोपते आणि दुकान लागले तर तेव्हा उघडेही असते.

सील आणावयास जाताना मोटारीचा चासीस क्रमांक लिहून न्यावा. एकाच मोटारीत डावे व उजवे सील भिन्न असणे अगदी सामान्य आहे. जुन्या सीलवर तीन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ३५-५४-८. पहिला आतला व्यास, दुसरा बाहेरचा व्यास, तिसरा जाडी, सर्व मिलिमीटरमध्ये. काहींवर बाणाचे चिन्हही असते. ओठावर तिरप्या बारीक रेघा असून त्या शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याप्रमाणे तेल आत ढकलतात, म्हणून तो बाण. उजवीकडचे सील डावीकडे बसवले तर त्याच रेघा तेल बाहेर आणून सोडतात. सीलबरोबर हबचा नवा नट, शाफ्टच्या टोकाची नवी सर्क्लिप, तेलाच्या बुचांच्या नव्या चकत्या आणि पुस्तकात सांगितलेले तेल आणावे. तेलाच्या बाबतीत जास्त आकडा म्हणजे जास्त चांगले असे समजू नये. जीएल-४ सांगितले असता जीएल-५ ओतल्यास काही गिअरबॉक्समधील पितळी कड्यांना त्यातील रसायनांचा त्रास होतो.

हत्यारांत जॅक, दोन लोखंडी घोड्या, हबच्या नटाची मोठी गोटी, तिच्यासाठी लांब दांडा, टॉर्क पाना, रबरी हातोडा, एक मजबूत कांब आणि तेल धरण्यास जुने तसराळे एवढे असले की पुरे. हबची गोटी बहुधा ३० किंवा ३२ मिलिमीटरची लागते. ती विकत न घेता शेजारीपाजारी मागावी, वर्षानुवर्षे पुन्हा लागत नाही.

आता आम्ही जे सांगणार आहोत ते वाचकांनी घाईत वाचू नये. मोटारीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यासाठी आहे, माणसाने त्याच्या भरवशावर मोटारीखाली जाण्यासाठी नाही. तो तिरपा होतो, घसरतो, आणि तेलाच्या दाबावर चालणारा जॅकही आतली लहानशी चकती फाटली की खाली बसतो. म्हणून मोटार उचलावी जॅकने, पण ठेवावी घोड्यांवर, आणि घोड्या पुस्तकात दाखवलेल्या मजबूत जागीच लावाव्यात. त्याआधी जमीन पाहावी. आपल्या बहुतेक इमारतींपुढची जागा डांबराची असते. उन्हाळ्यात ते डांबर इतके मऊ होते की घोडीचे पाय त्यात रुततात आणि मोटार एका अंगास कलू लागते. प्रत्येक घोडीखाली जाड लाकडी फळी घालावी. मागच्या चाकांना पुढून-मागून विटा लावाव्यात. काढलेले चाक बाजूला न ठेवता मोटारीच्या कडेखाली आडवे सरकवावे, म्हणजे सगळे चुकले तरी मोटार माणसावर न येता चाकावर येईल. आणि खाली जाण्यापूर्वी मोटारीला दोन्ही हातांनी चांगली हलवून पाहावी; पडावयाची असेल तर ती आपण बाहेर असतानाच पडू द्यावी. मुलांना व मांजरांना दूर ठेवावे. भाच्याला आम्ही सांगून ठेवले होते की आम्ही खाली असताना त्याने फोन घेऊ नये, आणि त्याने घेतला नाही.

हबचा नट सर्वांत घट्ट असतो, म्हणून मोटार जमिनीवर असतानाच, एकाने ब्रेक दाबून धरला असता, तो सैल करावा. नटाची कड शाफ्टच्या खाचेत चेपलेली असते, ती आधी छिन्नीने उचलावी. मोटार वर घेतली, चाक काढले, की तेल सोडावयाचे. येथे एक नियम सोन्यासारखा आहे: तेल भरण्याचे वरचे बूच प्रथम सैल करून पाहावे, आणि ते सुटले तरच खालचे काढावे. वरचे बूच गंजून बसलेले असेल आणि खालून तेल सोडून दिले असेल, तर तेल नसलेली, आणि तेल भरता न येणारी मोटार दारात उभी राहते. खालच्या बुचाला पुष्कळदा लोहचुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा, काजळासारखा लेप आढळला तर काळजी नको, ती वयाची झीज होय. मात्र नखाएवढे तुकडे अथवा दाताचा कपचा आढळला तर काम तेथेच थांबवावे. त्या गिअरबॉक्सला सीलची गरज राहिलेली नाही.

यानंतर चाकाचा गुडघा, म्हणजे हब ज्यावर बसते तो ओतीव भाग, मोकळा करावा लागतो. बहुतेक मोटारींत खालचा बॉल जॉइंट सोडवला की हब बाहेर ओढता येते. ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची तार यांवर ताण येऊ देऊ नये. ब्रेकचा भाग सोडलाच तर तो तारेने वर टांगावा, नळीवर लोंबकळू देऊ नये. शाफ्ट हबमधून निघत नसेल तर जुना नट टोकाशी समपातळीत येईल इतका फिरवून त्यावर रबरी हातोड्याने ठोकावे, म्हणजे आटे बिघडत नाहीत.

शाफ्टचे दुसरे टोक गिअरबॉक्समध्ये एका सर्क्लिपने अडकलेले असते. ते शाफ्टला धरून ओढून काढण्याचा प्रयत्न पुष्कळजण करतात; त्याने आतला सांधाच सुटून हातात येतो. गिअरबॉक्सच्या भक्कम भागाला टेकवून कांब सांध्याच्या मागे घालावी आणि एकच नेमका हिसका द्यावा. सर्क्लिप सुटल्याचा आवाज येतो. आणि दोन्ही बाजूंचे शाफ्ट एकाच वेळी काढू नयेत. काही गिअरबॉक्समध्ये आतली चाके जागेवरून सरकतात व मग सारे गिअरबॉक्स खोलावे लागते. शाफ्ट बाहेर असताना मोटार जमिनीवर उतरवून ढकलूही नये, कारण पुष्कळ मोटारींत चाकाचे बेअरिंग शाफ्टच्या नटाच्या दाबानेच एकत्र राहते.

येथवरचे काम ताकदीचे, यापुढचे हलक्या हाताचे. शाफ्ट फडक्याने पुसून, ओठ ज्या पट्टीवर टेकतो तिच्यावरून नख फिरवावे. नख अडकले तर तेथे खाच पडलेली आहे, आणि नवे सीलही त्याच खाचेवर बसून गळेल. खाच बारीक असेल व गिअरबॉक्सच्या भोकात जागा असेल तर नवे सील जुन्यापेक्षा एखादा मिलिमीटर पुढे-मागे बसवावे, म्हणजे ओठास कोरी जागा मिळते. खाच खोल असेल तर शाफ्ट बदलणे किंवा त्यावर पातळ पोलादी नळी चढवणे हाच मार्ग. त्याच वेळी शाफ्टचे टोक आत बसवून वर-खाली हलवून पाहावे. बरेच हलत असेल तर बेअरिंग वा बुश झिजले आहे, आणि कितीही उत्तम सील तेथे टिकणार नाही.

जुने सील काढण्यापूर्वी ते कडेपासून किती आत बसले आहे ते मोजून कागदावर लिहावे. मग मोठ्या स्क्रूड्रायव्हरने किंवा आकड्याने ते आतल्या बाजूने उचकटावे. भोकाच्या अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडता कामा नये. तेथे पडलेल्या ओरखड्यातून तेल सीलच्या बाहेरच्या अंगाने वाट काढते. भोक स्वच्छ पुसावे. नवे सील जुन्याशेजारी ठेवून आकडे, जाडी आणि बाणाची दिशा ताडून पाहावी. ओठ आणि स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे आत. स्प्रिंगच्या खोबणीत थोडे ग्रीस भरावे, नाहीतर ठोकताना स्प्रिंग उडून गिअरबॉक्सच्या आत पडते व आपल्याला कळतही नाही. ओठाला गिअरचे तेल लावावे. कोरडा ओठ पहिल्याच किलोमीटरमध्ये जळतो.

बसवताना सील सरळ राहिले पाहिजे. त्याच्या बाहेरच्या व्यासाशी जुळणारा पाइपचा तुकडा किंवा मोठी गोटी त्यावर ठेवून हलके हलके, सभोवार समान ठोके द्यावेत. एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर असे तिरपे जाऊ लागले तर तसेच पुढे ठोकू नये. बाहेर काढून पुन्हा सुरू करावे. लिहून ठेवलेली खोली आली की थांबावे. अनेकांना वाटते जितके आत तितके चांगले, पण काही भोकांत आत टेकण्यास कड नसते आणि सील बेअरिंगवर जाऊन तेलाची वाट बंद करते.

शाफ्ट परत घालताना त्याच्या टोकावरील दातेरी खाचा ओठावरून घासत गेल्या तर एवढा वेळ केलेले सारे व्यर्थ. दोघांपैकी एकाने शाफ्टचे वजन दोन्ही हातांनी उचलून धरावे, दुसऱ्याने बोटांनी टोक मध्यभागी नेमावे; सर्क्लिपचे तोंड वर असावे. खाचा जुळल्या की सांध्याला एकदाच नेटाने ढकलावे, खट्ट असा आवाज येतो. मग सांध्याला धरून, शाफ्टला नव्हे, बाहेर ओढून पाहावे. तो येत नसेल तर बसला. आमच्या भाच्याने हे तीनदा केले. आम्हांस एकदा पुरेसे वाटत होते, परंतु यंत्रशाळेतील सवय सोडू नये या मताचे आम्ही असल्यामुळे काही बोललो नाही.

उरलेली जोडणी उलट क्रमाने. बॉल जॉइंटचे नट-बोल्ट पुस्तकातील आकड्याप्रमाणे आवळावेत, पिन असेल तर नवी घालावी. हबचा नट नवा, आणि त्याचे अखेरचे आवळणे मोटार चाकांवर उतरवल्यानंतर. बऱ्याच लहान मोटारींत हा आकडा २०० ते ३०० न्यूटन-मीटर इतका मोठा असतो, म्हणून अंदाजाने आवळू नये, आणि शेवटी त्याची कड खाचेत चेपावी. मोटार सपाट असतानाच तेल भरावे; ते वरच्या बुचाच्या भोकातून बाहेर ओघळू लागले की पातळी बरोबर आली. ओघळ थांबल्यावर बूच लावावे. मोटार चालू करण्यापूर्वी ब्रेकचा पेडल चार-पाच वेळा दाबून तो कडक लागतो याची खात्री करून घ्यावी, आणि चकतीवर तेलाचा हात लागला असल्यास ती फवाऱ्याने धुवावी.

पहिली फेरी दहा किलोमीटरची, सावकाश. रात्री पुन्हा नवा पुठ्ठा. पहिल्या दिवशी जोडणीच्या वेळचे सांडलेले थेंब पडतात, त्याने घाबरू नये. तिसऱ्या दिवसापासून पुठ्ठा कोरडा राहिला पाहिजे. चाकाचे नट शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासावेत, तेलाची पातळी पाचशे किलोमीटरनंतर. तसराळ्यातील जुने तेल गटारात किंवा झाडांच्या मुळांशी ओतू नये. ते बाटल्यांत भरून मुसाखातील जुन्या तेलाच्या पिंपात द्यावे. विचारल्यास बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. इमारतीपुढील डागावर लाकडाचा भुसा अथवा मांजरांसाठी मिळणारी माती रात्रभर पसरावी आणि सकाळी झाडून घ्यावी. डांबरावरचा डाग पुरता जात नाही, पण वाअदच्या चिटणिसांना झाडण्याचा आवाज ऐकू गेला म्हणजे पुष्कळ काम होते.